फोनचा नवा कारभारी टिकेल काय?



दिवाळी आटोपली होती. सोयाबीनचे जे काही हाती लागले ते घरात आले होते आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई चालू होती. चिखली तालुक्यातल्या एका गावात पारावर आमची शेतीशाळा भरली होती. बियाण्याला ट्रायकोडर्मा कसा चोळावा हे दाखवून झाले, प्रश्नोत्तरे झाली, चहा आला. चहाबरोबर बोलणे हरभऱ्यावरून निघाले आणि मोबाईलवर जाऊन थांबले. अलीकडे गावोगाव असेच होते.

शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा सुटीला गावी आला होता. तो आपल्या चुलत आजोबांना सांगत होता, "काकाजी, आता फोन घ्याल तर भारओएसवाला घ्या. मद्रासच्या आयआयटीतून निघाला आहे. आपल्या देशाचा आहे. परक्या कंपनीला आपली माहिती कशाला द्यायची?"

काकाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "पोरा, नव्याचे नऊ दिवस असते. या फोनात माझा सातबारा आहे, बँकेचं खातं आहे. उद्या तुझी नवी सिस्टीम बंद पडली तं मी कोणाच्या दारात जाऊ?"

वाद रंगला. कोणी देशाभिमान काढला, कोणी चीनचे नाव काढले. तेवढ्यात बचत गटाच्या अध्यक्षीणबाई मागून म्हणाल्या, "तुम्ही भांडा बाप्पा. मले फक्त एवढं सांगा, त्या फोनवर पीक पाहणी होते का, अन् गटाचे पैसे बँकेत जातात का?"

सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे पाहू लागले. "साहेब, तुम्हीच सांगा." मला दुसऱ्या गावी जायचे होते, म्हणून मी विषय पुढे ढकलला. खरे सांगायचे तर उत्तर द्यायला मी कचरलोही. का कचरलो, ते पुढे सांगतो. त्या दिवशी राहिलेले उत्तर आज या पानावर देत आहे. प्रश्न त्या एका गावाचा नाही. तुमच्याही घरी येत्या वर्षा-दोन वर्षांत नवा फोन येणार आहे.

फोनचा कारभारी म्हणजे कोण?

आधी ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते समजून घेऊ. जुन्या मोठ्या वाड्यात एक कर्ती सासूबाई असे. कोठीच्या, माळ्याच्या, देवघराच्या, दागिन्यांच्या डब्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कोणाला किती धान्य काढून द्यायचे, पाहुणा ओसरीवर बसवायचा की माजघरात घ्यायचा, हे तीच ठरवी. सुना, लेकी, गडीमाणसे कामे करीत; पण कोणाचेही काम तिच्या परवानगीवाचून होत नसे.

फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचे काम हेच आहे. व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचे अ‍ॅप, ई-पीक पाहणी ही झाली कामे करणारी माणसे. कॅमेरा, तुमचे फोन नंबर, तुम्ही कोठे उभे आहात याची खूण, पैशांचा संदेश ही झाली कोठारे. ऑपरेटिंग सिस्टीम ही किल्ल्या सांभाळणारी कारभारीण. फोनचा डबा कोणत्या कंपनीचा आहे याला महत्त्व आहेच. पण आत कारभार कोणाच्या हाती आहे, त्याला अधिक महत्त्व आहे.

आपल्या देशात शंभरांतल्या नव्वदांहून अधिक स्मार्टफोनांत हा कारभार गूगलच्या अँड्रॉइडकडे आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ साली, अ‍ॅपलचा आयफोन आला होता. तो महाग, म्हणून आपल्या गावांत क्वचित दिसतो. बाकी जे कारभारी आले, त्यांची हकिगत पुढे येईलच.

माझी एक चूक

मी का कचरलो ते आता सांगतो.

घाटावरच्या एका गावात दोन एकरांचे एक जोडपे आहे. नवरा शेतात, हिशेब बाईंच्या हाती. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारले, "साहेब, कोणता फोन घ्यावा?" बाजारात त्या वेळी एक स्वस्त फोन आला होता. त्या कंपनीने अँड्रॉइडवर आपलेच फेरफार करून नवी प्रणाली बसवली होती. अक्षरे मोठी, सगळे मराठीत, किंमत बेताची. मी तो दुकानात पाच मिनिटे हाताळला आणि सांगून टाकले, "घ्या, चांगला आहे." कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. ती आता बाजारात दिसतही नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. त्यांचे सोयाबीन सोंगून शेतात पसरलेले होते. एका रात्रीत ते भिजून काळे पडले. पीक विम्याच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. बाईंनी सकाळीच फोन हाती घेतला. विम्याचे अ‍ॅप काही केल्या उतरेना. पडद्यावर एवढेच येई, की हे अ‍ॅप तुमच्या उपकरणावर चालणार नाही. कंपनीने तिच्या प्रणालीची दुरुस्ती केव्हाच थांबवली होती आणि नव्या अ‍ॅपला जुना कारभारी चालत नव्हता. मदतीचा क्रमांक लागेना. शनिवार-रविवार जोडून आला होता. चौथ्या दिवशी ते तालुक्याला पोहोचले तेव्हा मुदत टळून गेली होती.

त्या बाई मला रागे भरल्या नाहीत. "आमचंच नशीब" म्हणाल्या. पण नशीब कसले? सल्ला माझा होता. नवे बियाणे सुचवताना मी दहा प्रश्न विचारतो. फोन सुचवताना एकही विचारला नव्हता.

(ता. क. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात विम्याचे नियम बदलले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर बेतली गेली. म्हणून जुन्या नियमावर विसंबू नका. दर हंगामाला आपल्या कृषी सहायकाला नियम विचारा.)

आले किती, गेले किती

त्यानंतर मी या विषयाची माहिती जमवू लागलो. वाचत गेलो तसे लक्षात आले, की नव्या प्रणालींची कथा नव्या वाणांच्या कथेहून फार वेगळी नाही.

एके काळी आपल्याकडे फोन म्हणजे नोकिया. त्यातल्या भारी फोनांत सिंबियन नावाचा कारभारी होता. अँड्रॉइड आणि आयफोन आल्यावर तो मागे पडला. २०११ साली नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून विंडोज फोनची वाट धरली आणि २०१४ साली तर नोकियाचा फोन-धंदाच मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. जगातली एवढी बलाढ्य कंपनी, पैशाला तोटा नाही, आणि तो फोन चालायलाही गुळगुळीत होता. तरी तो टिकला नाही. कारण एकच: अ‍ॅप करणारे लोक त्याच्यासाठी अ‍ॅप करीनात. अ‍ॅप नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून अ‍ॅप नाहीत. ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा बंद झाले.

दुसरी गोष्ट फायरफॉक्स ओएसची. मोझिला या संस्थेने गरिबांचा स्मार्टफोन म्हणून ही प्रणाली काढली. २०१४ च्या ऑगस्टात इंटेक्सने तिचा फोन भारतात १,९९९ रुपयांना आणला. सव्वा वर्षातच, २०१५ च्या डिसेंबरात, मोझिलाने फोनांचे हे काम थांबवत असल्याचे जाहीर केले.

पण बी पूर्ण मेले नाही. त्याच मुळावर कायओएस नावाची प्रणाली उगवली आणि २०१७ साली जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये ती बसली. १,५०० रुपये अनामत आणि हातात बटणांचा फोन. आपल्या जिल्ह्यात घराघरांत तो आला. २०१८ च्या सप्टेंबरात त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही आले. कित्येक आयाबहिणींनी जन्मातला पहिला फोटो त्यावरून पाठवला. तेव्हा वाटले होते, हा कारभारी अँड्रॉइडला गाठणार. पण २०२४ च्या मध्यापासून त्यावर नव्याने व्हॉट्सअ‍ॅप उतरवता येईना आणि २०२५ मध्ये ते तेथून गेले. फोन धडधाकट होता, बॅटरी चांगली होती. त्यातले मुख्य काम मात्र निघून गेले.

आपल्या मराठी माणसाचाही यात हात आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या फोनांतून एक देशी प्रणाली आणली. पुढे ती इंडस ओएस म्हणून ओळखली गेली. ती अँड्रॉइडवरच बांधलेली होती, पण भारतीय भाषा जाणणाऱ्यासाठी. इंग्रजीत आलेला संदेश बोट फिरवले की मराठीत दिसे. कल्पना उत्तम होती आणि लाखो फोनांत ती गेलीही. पण पुढे चिनी कंपन्यांचे स्वस्त फोन आले आणि मायक्रोमॅक्सचीच विक्री घसरली. खांब हलला की वेलही खाली येतो. नंतर हा उद्योग फोनपेने घेतला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातून इंडस अ‍ॅपस्टोअर हे अ‍ॅपचे दुकान उघडले. म्हणजे कारभारी म्हणून नाही, पण दुकानदार म्हणून नाव राहिले.

टिकलेलेही आहेत

एवढे वाचून काकाजी म्हणतील, "पाहा, मी सांगतच होतो." पण थांबा. नवे ते पडतेच, असे मात्र नाही.

चीनची हुआवे कंपनी घ्या. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि तिच्या नव्या फोनांना गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टात तिने हार्मनीओएस ही आपली प्रणाली जाहीर केली. २०२१ साली ती फोनांत आली आणि २०२४ साली अशी आवृत्ती निघाली, की जिच्यात अँड्रॉइडची अ‍ॅप चालतच नाहीत. सगळी नव्याने बांधलेली. हे जमले, कारण घरचीच बाजारपेठ प्रचंड होती, कंपनीने वर्षानुवर्षे पैसा ओतला आणि तिथल्या बँका व मोठ्या दुकानदारांनी त्या प्रणालीसाठी आपली अ‍ॅप करून दिली.

आपल्याच देशातले उदाहरण केरळचे. तिथल्या सरकारी शाळांतल्या संगणकांवर विकतच्या प्रणालीऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली बसवली गेली आणि ती रुजली. का रुजली? कारण नुसती प्रणाली बसवून कोणी हात झटकले नाहीत. शिक्षकांना शिकवले, पुस्तके तिच्यावर बेतली, अडले तर सांगणारा माणूस राज्यातच ठेवला. आपल्या देशाने सी-डॅककडून २००७ साली बॉस नावाची लिनक्स प्रणाली काढली आहे, पण तिचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले? दोन्ही मूळ एकाच कुळातल्या. एक हजारो शाळांच्या रोजच्या कामात शिरली, दुसरी बहुतेकांच्या ओळखीचीही झाली नाही.

आता हे आपल्या शेतीच्या भाषेत सांगतो. मी नोकरीला लागलो त्या सुमारास, १९९४ साली, जबलपूरचे जेएस-३३५ हे सोयाबीनचे वाण प्रसारित झाले. पुढे त्याने आपले शिवार व्यापले. त्यानंतर कितीतरी चांगली वाणे आली, आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही दिली. तरी शेतकरी वर्षानुवर्षे ३३५ च मागत राहिला. ते सर्वांत श्रेष्ठ होते म्हणून नव्हे. बियाणे प्रत्येक दुकानात मिळे, भावकीत कोणाकडे तरी असे, कसे पेरावे ते सर्वांना ठाऊक, आणि व्यापारी नाक मुरडत नसे. नव्या वाणाला ३३५ शी नुसती उत्पादनाची झुंज द्यावी लागली नाही, या सगळ्या गोतावळ्याशी झुंज द्यावी लागली. अँड्रॉइडची ताकद तीच आहे. नव्या प्रणालीची खरी लढत त्या गोतावळ्याशी आहे.

आणि जो आज राजा आहे तो कायमचा, असेही नाही. बीटी कपाशी २००२ साली आली तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले होते. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले, ते घाटाखालच्या कापूसवाल्यांना सांगायला नको. अळी बदलते, औषध बदलावे लागते. फोनमध्ये चोर बदलतात, म्हणून प्रणालीला सतत दुरुस्ती लागते. दुरुस्ती थांबली की चांगला कारभारीही दार उघडे टाकून झोपल्यासारखाच.

मग भारओएसचे काय?

आता मूळ प्रश्न. भारओएस ही प्रणाली २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाली. मद्रास आयआयटीच्या पाठबळावर वाढलेल्या जँडकॉप्स या छोट्या कंपनीने ती तयार केली. २४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव आणि धर्मेंद्र प्रधान यांनी तिची चाचणी घेतली. तिची दोन वैशिष्ट्ये सांगितली गेली. एक, फोनबरोबर न मागितलेली अ‍ॅप येत नाहीत. जे हवे ते तुम्ही बसवावे आणि त्याला कोणती किल्ली द्यायची ते तुम्ही ठरवावे. दोन, अ‍ॅप विश्वासाच्या, तपासलेल्या भांडारातूनच मिळावीत.

दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण दोन गोष्टी त्या मुलाने सांगितल्या नव्हत्या. पहिली: भारओएसची मुळे अँड्रॉइडच्याच खुल्या प्रकल्पात आहेत. ते परके रोप नाही, त्याच खोडावर आपण बांधलेले कलम आहे. यात कमीपणा नाही. संत्र्याचे कलमही जंबेरीच्या खुंटावरच बांधतात. दुसरी: जाहीर झाली तेव्हा ही प्रणाली ज्यांना गुप्तता फार लागते अशा संस्थांसाठी दिली जात होती. घरच्या गिऱ्हाइकासाठी नव्हे. चिखली, खामगाव, मेहकर येथल्या दुकानांच्या फळीवर मला तिचा फोन मांडलेला दिसलेला नाही. जे वाण दुकानात नाही, त्याच्या भरवशावर कोणी पेरणीची तारीख ठरवत नाही.

म्हणून माझे मत असे: स्वदेशी आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका आणि नवे आहे म्हणून हसून टाकूनही देऊ नका. प्रतिस्पर्धी असावा, हे आपल्या हिताचेच आहे. बाजार समितीत एकच खरेदीदार उभा राहिला की भावाचे काय होते, ते तुम्ही जाणता. भारताच्या स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड ठोठावला, तो बाजारातल्या वरचढपणाचा गैरफायदा घेतल्याबद्दलच. दुसरा कारभारी दारात उभा असला, तर पहिलाही नीट वागतो. पण त्या दुसऱ्याची परीक्षा घेण्यासाठी आपला एकुलता एक फोन पणाला लावायचा नसतो.

पाच कसोट्या

नवी प्रणाली असो की अँड्रॉइडचाच नवा फोन, पैसे देण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा.

१) माझी कामे यावर होतात काय? घरी बसून कागदावर आपली कामे लिहा. ई-पीक पाहणी, पीएम किसानची चेहरा दाखवून होणारी केवायसी, बँक, पैसे पाठवणे, व्हॉट्सअ‍ॅप, मुलांचा अभ्यास. कागद दुकानात न्या आणि एकेक अ‍ॅप दुकानातच उतरवून पाहा. "होईल साहेब" या शब्दावर जाऊ नका. उघडले तर होते, नाही उघडले तर होत नाही.

२) दुरुस्ती किती वर्षे मिळणार? फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. ती वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल, तर तो फोन खोक्यात बसून म्हातारा झाला आहे असे समजा. बियाण्याच्या पिशवीवर उगवण चाचणीची तारीख पाहता ना? तसेच हे.

३) अडले तर जवळ कोण आहे? तालुक्यात दुरुस्त करणारा, गावात जाणणारा एक तरी माणूस असावा. घरातल्या सुनेला, मुलीला तो फोन वापरता यावा. ज्याचा एकच जाणकार पुण्याला राहतो, तो फोन खेड्यात कामाचा नाही.

४) निघायची वाट आहे काय? उद्या हा कारभारी सोडायचा झाला, तर फोन नंबर, फोटो, कागदपत्रे दुसऱ्या फोनात नेता येतील काय, हे आधीच विचारा. विहिरीत उतरताना दोर वर बांधून उतरतात.

५) किल्ल्या किती मागतो? विजेरीचे अ‍ॅप तुमचे फोन नंबर मागते, कर्जाचे अ‍ॅप सगळे फोटो मागते. कशाला? परवानगी नाकारायला शिका. नवा कारभारी ही सोय सोपी करून देत असेल, तर तो गुण त्याच्या खात्यात जरूर मांडा.

पट्टा पेरून पाहा

नवे वाण आपण सगळ्या शेतात पेरत नाही. एक पट्टा पेरतो, शेजारी जुने ठेवतो आणि मळणीला तोलून पाहतो. फोनचेही तसेच करावे. घरात दोन फोन असतील तर दोन्ही एकदम बदलू नयेत. नवा आला तरी जुना एक हंगाम चालू स्थितीत ठेवावा. बँकेचे काम नव्यावर नीट दोन महिने झाल्यावरच जुना मोडीत द्यावा, आणि देण्यापूर्वी त्यातले सर्व पुसून घ्यावे. आधारला व बँकेला जोडलेला मोबाईल क्रमांक मात्र फोन बदलला तरी बदलू नये. नव्या सिमच्या मोफत योजनेच्या नादात जुना क्रमांक सोडून दिलेली माणसे नंतर कार्यालयांचे उंबरे झिजवताना मी पाहिली आहेत.

साधा बटणांचा फोनही अगदी टाकाऊ समजू नका. २०२२ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढे पुरते. आणि कोणतीही प्रणाली असो, सातबारा, विम्याची पावती, बँक पुस्तकाचे पहिले पान यांची एकेक कागदी प्रत पेटीत असू द्या. महत्त्वाचे दहा फोन क्रमांक दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. फोन बंद पडला तरी दार बंद पडत नाही.

सेतू केंद्र चालवणाऱ्या तरुणांनाही एक शब्द. तुमच्या संगणकावर विंडोज १० असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची दुरुस्ती थांबली आहे. तुमच्या एका संगणकावर साऱ्या गावाचे आधार आणि खाते क्रमांक टंकले जातात. नवी आवृत्ती किंवा चालणारी खुली प्रणाली, जे झेपेल ते करा, पण तसेच रेटू नका.

शेवटचे

शेगावला शिकणाऱ्या त्या मुलाला माझे सांगणे आहे: बाळा, तुझा अभिमान रास्त आहे. पण काकाजींना फोन बदलायला सांगण्याआधी तू आणि तुझ्या मित्रांनी ई-पीक पाहणीचे अ‍ॅप त्या प्रणालीवर चालवून दाखवा. यूपीआय २०१६ साली आले तेव्हा तेही नवे होते, आपलेच होते. लोकांनी ते देशाभिमानाने धरले नाही. चहावाल्याकडे, किराणा दुकानात, सगळ्या बँकांत ते चालले, म्हणून धरले. स्वदेशी वस्तू अशी जिंकते.

काकाजींना सांगणे: तुमचा संशय बरोबर आहे, पण संशयाला मुदत असावी. दर दोन वर्षांनी त्याच पाच कसोट्या पुन्हा लावून पाहा. तुम्हीच एके काळी गावरान कपाशी सोडून संकरित लावली होती.

आणि बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंना सांगणे: त्या दिवशी खरा प्रश्न तुम्हीच विचारला होता.

ते दोन एकरांचे जोडपे मला गेल्या उन्हाळ्यात बाजारात भेटले. नवा फोन घ्यायला आले होते. या वेळी त्यांनी मला "कोणता घ्यावा" असे विचारले नाही. बाईंनी पिशवीतून चुरगळलेला कागद काढला, त्यावर सहा कामे लिहिली होती. दुकानदार किमती सांगत होता, त्या म्हणाल्या, "किंमत मागून सांगा. आधी हे सहा उघडून दाखवा." पाच उघडली. सहाव्याला अर्धा तास लागला. त्या स्टुलावर बसून राहिल्या. सहावे उघडल्यावरच त्यांनी पदराची गाठ सोडली.

मी बाजूला उभा होतो. मला बोलायची गरज पडली नाही.